चित्राच्या कडेचा माणूस

दोहा, कतार
शुक्रवार, ६ मार्च १९८७

प्रिय अबूबकर मामू,

अस्सलाम अलैकुम. तुमची बोट सिंगापूरला केव्हा लागेल ते माहीत नाही, म्हणून हे पत्र तिथल्या एजंटकडे पाठवते आहे. लिहिल्याशिवाय राहवत नाही. चार दिवस मी एका जागी बसलेली नाही. भात दोनदा करपला.

तुमचे भाचेजावई वली इथल्या नजमा भागातल्या व्हिडिओच्या दुकानात काउंटरवर असतात. इथे बाहेरून आलेली प्रत्येक नवी टेप भाड्याने देण्याआधी सरकारी ऑफिसात दाखवावी लागते. टेपसोबत एक टाइप केलेलं इंग्रजी पान द्यावं लागतं: सिनेमात काय घडतं, कोण मरतं, शेवट काय होतो. ते पान लिहायचं काम आता माझ्याकडे आलंय. वली लोकांना सांगत फिरतात, "घरातली पहिली बी.ए., आणि दुपारभर बघते काय, तर चिनी मारामाऱ्या!"

या आठवड्यातला सिनेमा हाँगकाँगचा आहे, तिथल्या कँटोनी भाषेतला. नाव 'वादळ नंबर नऊ'. पण ही नुसती मारामारी नाही, मामू. एक म्हातारा हवालदार आहे. गोदीवर झालेल्या खुनाचा एकच साक्षीदार आहे, बर्फाच्या लाद्या वाहणारा एक हमाल. हवालदार त्याला शब्द देतो, तुझं नाव कुणाला कळणार नाही. आणि त्याच्याच चौकीतला माणूस ते नाव विकतो. वली म्हणाले, "शेवटी चांगल्याचा जय होतो असं लिही, टेप लवकर सुटेल." मी लिहिलं, चांगला माणूस हरतो, पण सिनेमा त्याच्याच बाजूचा आहे. जे दिसलं तेच लिहिणार.

खरी गोष्ट पुढे आहे. हवालदार साक्षीदाराला शोधत बर्फाच्या गोदीवर येतो आणि दुसऱ्या एका हमालाला काहीतरी विचारतो. तो हमाल चित्राच्या अगदी कडेला उभा आहे. सिनेमाचं चित्र रुंद आणि टीव्ही चौकोनी, म्हणून टेप काढताना दोन्ही बाजू कापतात. खालची इंग्रजी वाक्यंसुद्धा दोन्हीकडून तुटलेली असतात, मधले चार शब्द वाचून बाकीचं मला जुळवावं लागतं. तर त्या हमालाचा फक्त एक कान, अर्धा गाल आणि एक हात दिसतो. लादी उचलण्याआधी तो तळहात कपड्याला दोनदा पुसतो आणि मग गुडघ्यात वाकतो.

मामू, तो जहूरभाई आहे.

तो भाग मी इतक्या वेळा मागे नेला की वली ओरडले, "टेप झिजली तर गिऱ्हाइकाला काय दाखवू, तुझ्या भावाचा कान?" एक गोष्ट मात्र खरी. तो माणूस बोलतो तो आवाज जहूरभाईचा नाही. आणि बोलतो तेही कँटोनी.

जहूरभाईचं मागचं पत्र ब्राझीलच्या बंदरातून आलं होतं. तीन वर्षं तो दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर तिकडेच फिरतोय. मग हाँगकाँगला कसा? तुमची बोट तिथे लागते. तुम्ही चौकशी कराल का? घरी मी काही कळवलेलं नाही. माझं लग्न झाल्यापासून त्याची पत्रं अम्माला सुरय्या वाचून दाखवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. जहूरभाईशी साखरपुडा होऊन चार वर्षं झाली त्या पोरीला. दर पत्रात 'पुढच्या वर्षी नक्की येतो' हे वाक्य तिलाच मोठ्याने वाचावं लागतं.

तुमची,
अजरा


सिंगापूर
१९ एप्रिल १९८७

अगो अजरा,

वालेकुम अस्सलाम. तुझं पत्र बोटीवरच्या भंडाऱ्याला वाचून दाखवलं. तो हसून हसून डाळीत मीठ घालायचं विसरला. अर्धा कान बघून भाऊ ओळखलास? मग पोलिसात का नाही भरती झालीस, बी.ए. कशाला केलंस?

बाय माझी, कुठल्याही गोदीवर जा, ओला हात पुसल्याशिवाय कोणी बर्फाला हात घालत नाही. आणि तूच लिहितेस की आवाज त्याचा नव्हता. मग विषय खलास. जहूर मजेत आहे. मध्ये त्याची खबर लागली, वजन वाढलंय म्हणतात. त्याच्या बोटीवर रजा लवकर मिळत नाही, त्याला तो तरी काय करणार?

तुझ्या अम्माला, रबियाआपाला, यातलं अक्षर कळवू नकोस. तिची छाती आधीच धडधडते. सुरय्यालाही नको. त्या चिनी सिनेमांपेक्षा आपले गाण्यांचे बघ. रमजान जवळ आलाय, उन्हात फार फिरू नकोस. वलींना सलाम.

तुझा मामू,
अबूबकर


दोहा
शुक्रवार, १२ जून १९८७

मामू,

तुमचं पत्र वाचून मी महिनाभर गप्प राहिले. स्वतःला समजावलं, मामू चाळीस वर्षं जग बघतोय, तू तर खिडकीला ओला टॉवेल लावून टीव्ही बघतेस. पण दुपारी झोप लागत नाही. या बिल्डिंगच्या जिन्यात मी उगाच खालीवर करते. शेजारची विभावरी विचारते, "काही हरवलंय का हो?"

ईदेच्या आधी मी सुरय्याला लिहिलं, जहूरभाईची आठवण येते, त्याचं शेवटचं पत्र मला वाचायला पाठव. तिने विश्वासाने पाठवलं. काल आलं. वर ब्राझीलच्या बंदराचं नाव आणि तारीख १२ जानेवारी. त्याच आठवड्यात तुम्ही मला जपानहून लिहिलं होतं. दोन्ही पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

अक्षर एकच आहे.

मामू, मला रडू नाही आलं, हसू आलं. किती मूर्ख आहोत आम्ही सगळे! जहूरभाई अठराव्या वर्षी तुमच्या हाताखाली बोटीवर गेला. त्याला पाचवीतून काढलं होतं, कारण पुढे मला हायस्कूलला घालायचं होतं. लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून बोटीवरच्या सगळ्या पोरांची पत्रं लिहायचात तशी त्याचीही तुम्हीच लिहायचात. सहा वर्षं घरात 'जहूरचं अक्षर' म्हणजे तुमचं अक्षर. मग तो दुसऱ्या बोटीवर गेला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याची पत्रं येत राहिली त्याच अक्षरात, तसाच 'ज'ला लांब शेपटा. अम्माला वाचता येत नाही. पण सुरय्या वाचत होती. लग्नाआधी मी वाचत होते, परीक्षेत पहिला वर्ग मिळवलेली मी! आम्हाला ते अक्षर इतकं ओळखीचं होतं की शंका यायला जागाच नव्हती.

तो कुठे आहे? जिवंत आहे, हे तर मी पाहिलंय. मला खरं हवंय. खोटं ऐकून अम्माची छाती बरी होणार नाही, आणि सुरय्याची चार वर्षं परत येणार नाहीत. तिच्या बाबांनी चिपळूणचं एक स्थळ परत पाठवलं, तुम्ही लिहिलेल्या 'पुढच्या वर्षी'वर भरवसा ठेवून. त्या वाक्याखाली जहूरभाईचं नाव असलं तरी ते तुमचं आहे.

उत्तर द्या.

अजरा


कोलंबो
३० ऑगस्ट १९८७

अजरा,

तुझं पत्र मिळून दीड महिना झाला. तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं लिहिली, तेव्हा हात कधी अडला नाही.

जहूर ऑक्टोबर चौऱ्याऐंशीत हाँगकाँगला उतरला तो परत चढला नाही. मी या बोटीचा सारंग आहे, खलाशांची जबाबदारी माझी. आपल्या साखरतर गावची आणि आसपासची अठरा पोरं माझ्या शब्दावर नोकरीला आहेत. कंपनीचा हिशोब सरळ असतो, एक पोरगा पळाला की त्या गावाची भरती बंद. मी कप्तानाचे पाय धरले. तो भला माणूस होता. जहूर आजारी पडला, इस्पितळात ठेवून कामावरून कमी केला, असं त्याने कागदावर घातलं. अठरा चुली वाचल्या.

मग आपाला काय लिहू? मुलगा पळाला? तेव्हा तिला नुकताच पहिला झटका येऊन गेला होता. वाटलं एक पत्र लिहू, तोवर पोरगा शुद्धीवर येईल. एकाची दोन झाली, दोनाची नऊ झाली. तिकडे जाणाऱ्या बोटींवरच्या ओळखीच्यांकडे द्यायचो, ते ब्राझीलहून टपालात टाकायचे.

नंतर तो मला एकदाच दिसला, बाजारात, लांबून. तोंड फिरवून निघून गेला. पत्ता माहीत नाही. याहून जास्त मला विचारू नकोस.

येत्या जानेवारीत पोरांचे करार नव्याने व्हायचे आहेत आणि मी घरी बसणार आहे. तोवर गप्प राहा. गावात बोभाटा झाला तर कंपनीला कळायला आठ दिवसही लागत नाहीत. खरं बोलायचंच असेल तर त्या अठरा आयांना विचारून बोल.

मामू


दोहा
शुक्रवार, १३ नोव्हेंबर १९८७

मामू,

त्या अठरा आयांचा विचार मी रोज केला. तुमच्यावर रागावणं सोपं होतं, ते तुम्ही अवघड करून ठेवलंत.

इकडे एक गोष्ट घडली. 'वादळ नंबर नऊ'ची नवी टेप आली. पहिली कुणीतरी चोरून काढलेली होती म्हणे. ही खुद्द सिनेमा काढणाऱ्या कंपनीची, चांगल्या जाड डब्यातली. तिच्यात सिनेमाचं चित्र पूर्ण रुंदीचं आहे, फक्त टीव्हीवर वर आणि खाली काळे पट्टे येतात. गिऱ्हाइकं वलींशी भांडतात. परवा एक ड्रायव्हर म्हणाला, "अर्धा टीव्ही काळा, मग भाडंही अर्धंच घ्या!" वली म्हणाले, "भाऊ, आत दोन माणसं जास्त दिसतात, त्यांचे वेगळे पैसे मागत नाही, यल्ला, चल, घेऊन जा."

ती जास्तीची माणसं मी पाहिली. जहूरभाई पूर्ण दिसतो. केस कानापाशी पिकलेत. हवालदार त्याला साक्षीदाराचं नाव विचारतो आणि तो सांगतो, "तो आता इथे काम करत नाही." खालचं वाक्यही या वेळी अख्खं होतं. मग तो लादी खांद्यावर घेतो, चालू लागतो, आणि जाता जाता मागच्या कुणाकडे तरी बघून हसतो. पळून गेलेल्या माणसाचं हसू तसं नसतं, मामू. कामावर रोज येणाऱ्या माणसाचं तसं असतं.

डब्यावर कंपनीचा पत्ता होता. मी त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं: तुमच्या सिनेमात अमुक मिनिटाला दिसणारा बर्फवाला माझा भाऊ आहे, सोबतचं बंद पाकीट कृपया त्याला पोचवा. आत मराठीत, मोठ्या सुट्या अक्षरांत, म्हणजे त्याला सावकाश वाचता येईल, तुम्ही मला काय कळवलंत ते, आणि एवढंच लिहिलं की सुरय्या अजून थांबली आहे. येणार नसशील तर ते तिला तू सांग, मामूने नाही आणि मीही नाही.

करार होईपर्यंत, म्हणजे जानेवारी संपेपर्यंत, मी थांबते. त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही तर सुरय्याला मी सांगेन. तिला फक्त तिच्यापुरतं. गावाला नाही, कंपनीला नाही. याहून कमी मला जमणार नाही.

अजरा


हाँगकाँग
५ जानेवारी १९८८

अजरा,

तुझं पत्र सिनेमाच्या लोकांनी बर्फाच्या कारखान्यात आणून दिलं. दोन रविवार वाचत होतो. लिहायला तीन लागले. चुका असतील, हसू नकोस.

तो मीच आहे. ते लोक शूटिंग करायला आमच्या गोदीवर आले. एक दिवसाचं काम होतं. मी जे बोललो ते नंतर स्टुडिओत दुसऱ्याने बोलून वर चिकटवलं. इथे तसंच करतात. बघताना मजा वाटली. माझं तोंड हलतं आणि आवाज दुसऱ्याचा, माझ्यापेक्षा चांगला.

मामूने तुला काय सांगितलं ते कळलं. लांबून दिसलो, हे खोटं. बोट लागली की तो आमच्याकडे जेवायला येतो. मी इथे लग्न केलं. तिचं नाव आ-फाँग, मच्छीबाजारात कामाला आहे. मुलगी दोन वर्षांची झाली. मी मामूला म्हटलं, घरी कळव. तो म्हणाला, आपा मरेल. मग आमच्याच टेबलावर बसून तो माझी पत्रं लिहायचा. मी चहा करून द्यायचो. पुरं झालं की मला वाचून दाखवायचा. 'पुढच्या वर्षी नक्की येतो' आलं की मी खाली बघायचो. एकदाही नको म्हटलं नाही. म्हणून सगळा दोष त्याचा नाही.

आधीपासूनच तसं होतं. बोटीवरून तो लिहायचा, माझ्या अजराला शिकवा, माझी फिकीर करू नका. मी असं कधी बोललो नव्हतो. मला तर तुझा राग यायचा. शाळा मला पण आवडायची. पण घरी त्या पत्रातला जहूर सगळ्यांना आवडायला लागला. रजेवर आलो की लोक त्याच्याशी बोलायचे. सुरय्याची मागणीपण त्यालाच झाली. मला परत जायची भीती वाटायला लागली.

आता राग नाही. तू मला शोधलंस.

अम्मासाठी पत्र सोबत आहे. सगळं खरं लिहिलंय. सुरय्याचंही त्यातच आहे, तिला वेगळं लिहायची हिंमत झाली नाही. तू पाठव. मामूच्या हातात देऊ नकोस.

जहूर


साखरतर, रत्नागिरी
२ मार्च १९८८

अजरा,

पाकीट मिळालं. वर तुझी चिठ्ठी होती, 'आधी एकटी वाच, मग काय करायचं ते तू ठरव.' मी एकटीने वाचलं नाही. पत्र तुझ्या अम्माच्या नावाचं होतं. अक्षर अनोळखी, वेडंवाकडं, तरी कुणाचं असेल ते मला तुझ्या चिठ्ठीवरून कळलंच होतं. तसंच तिच्याकडे घेऊन गेले.

मामू नोकरीतून मोकळे होऊन आलेत. पोरांचे करार झाले म्हणे. ते पडवीत बसले होते. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. मी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि तुझी अम्मा न वळता म्हणाली, "अबू, बस. तीन वर्षं तुझी पत्रं ऐकली. आता याचं ऐक." ते बसले.

मी सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. माझं नाव आलं तिथेही थांबले नाही. त्याने लिहिलं होतं, 'सुरय्याला सांग, मी तिच्यासाठी येणार नाही, तिने थांबू नये, हे मी तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.' ते माझ्याच तोंडून मोठ्याने बाहेर पडलं. मग तुझी अम्मा म्हणाली, "पुन्हा वाच." मला वाटलं ती तेवढीच ओळ म्हणतेय. तिला नातीचं नाव पुन्हा ऐकायचं होतं. मेई-लिंग. चार-पाच वेळा म्हणून बघितलं, जमेना. मग रडली. छाती बिती काही धडधडली नाही, अजरा. मामूंनाच पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी तिने मला उत्तर लिहायला बसवलं. सांगत गेली: "मुलीला आणि सुनेला घेऊन ये. पण आधी सुरय्याची माफी माग, मग उंबरठा ओलांड." मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"हे मी नाही लिहिणार, चाची."

"अगो, तुझ्या बाजूनेच बोलते ना मी?"

"हो. पण बोलताय तुम्ही."

मामू पडवीतून म्हणाले, "दे इकडे, मी लिहितो." त्यावर आम्ही दोघी एकदम "नको!" म्हणालो. नंतर तुझी अम्मा हसली, अगदी थोडं. पुढे म्हणाली, "बरं. माझं एवढंच लिही, मुलीला घेऊन ये. तुझं तू लिही."

तिचं दोन ओळींत झालं. मग मी दुसरा कागद घेतला. लिहिता लिहिता दिवा लावायची वेळ झाली, पाठपोट दोन पानं भरली. तुझी अम्मा जवळच तांदूळ निवडत होती. मी कागद घडी करून पाकिटात घातला आणि कड ओली करून चिकटवली.

ती म्हणाली, "वाचून नाही दाखवणार?"

मी म्हटलं, "नाही."

तुझी,
सुरय्या